ओले मोजे

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंनी पेपर उलटा धरला होता, पण कान मात्र शेजारच्या बाकाला चिकटले होते. तिथे रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई आणि त्यांच्या प्रयोगशाळेतला जुना शिपाई बसले होते.

"बाई, तुम्ही ऑपरेशनला आत जायच्या आधी सांगून टाकतो. तुमचे ते जस्ताचे स्फटिक मी भाजले."

"महिनाभर दिव्याखाली ठेवूनही ढिम्म राहिलेले?"

"तेच. मोजे वाळवायला ओव्हन लावला. आत तुमची बशी आहे, हे बघितलंच नाही."

"म्हणून तर त्यांच्यातलं पाणी उडालं! मधलं पाणी गेलं, तसे रेणू सरकून जवळ आले, आणि दिवा लागताच जोड्या जुळल्या."

"त्यावर तुम्हाला डॉक्टरेट मिळाली. मी मात्र चाळीस वर्षं भीत राहिलो, बाईंना कळलं तर तोंड बघणार नाहीत."

"अरे गाढवा, त्याच दिवशी कळलं. बशीला वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"नुसत्या ओव्हनमध्ये ते करपायचे. ओल्या मोज्यांसोबतच बेताने वाळायचे. प्रयोग पुन्हा करायला नको?"

"म्हणजे त्या हिवाळ्यात रोज माझ्या बुटांत पाणी..."

"काय दिवस होते रे! चल, नंबर आला. हात दे, मला दिसत नाही."