नवसातून मोकळी

(लोणावळा, सन १९३२. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगची पडवी. सकाळचं ऊन. बोर्डिंग सांभाळणाऱ्या शालूबाई आणि वडिवळ्याहून आलेला त्यांचा धाकटा भाऊ कोंडाजी.)

शालूबाई : पण जेजुरीला निघालास, तर कामशेतावर पुण्याकडची गाडी धरायची. तू उलटा इकडं कसा आलास?

कोंडाजी : पुन्याची गाडी आली व्हती, आक्का. फुड्यात उभी राहिली. पोरीचा हात धरून मी फलाटावर उभा. पर पाय काय पायरी चढंना. गेली गाडी. मागनं लोनावळ्याची आली, तिच्यात बसलो.

शालूबाई : घरी माहीत आहे?

कोंडाजी : न्हाई. आईनं रतनची वटी भरून दिली, कपाळाला भंडार लावला. माजी मालकीन चुलीम्होरं बसली व्हती, ती उठलीच न्हाई. घरची समदी समजत्यात आमी जेजुरीला पोचलो.

शालूबाई : आणि मी इथं आहे हे तुला कुणी सांगितलं?

कोंडाजी : आपल्या गावच्या म्हैपतीनं. लय वर्सांमागं. तवापासनं ठाऊक हाय. यायचा धीर झाला न्हाई. इतकी वर्सं गेली, तू मला वळखशील का न्हाई ते बी कळंना.

शालूबाई : फाटकातच ओळखलं. आबांसारखा चालतोस, एक खांदा खाली टाकून. रतनला ठाऊक आहे का, तिला कशाला नेतोस ते?

कोंडाजी : देवाला जायाचं येवढं ठाऊक हाय. म्होरलं न्हाई. बघ की, तुज्या पोरींच्यात बसून भाकरी खातीया. हसतीया बी.

शालूबाई : मलाही तेवढंच ठाऊक होतं. मीही हसतच गेले होते. आता नीट सांग. नवस कुणी केला?

कोंडाजी : आईनंच. बजरंगला, माज्या पोराला, मुदतीचा ताप आला. वैदानं हात टेकलं. तवा आई देव्हाऱ्याम्होरं बसली आन बोलली, नातू उठून बसला तर नात तुला वाहीन. माज्या पायी तुला वाहिलं तसंच. पोरगा उठला, आक्का. आता अंगनात पळतूय. पर जरा खोकला की आई माज्या तोंडाकडं बघती.

शालूबाई : म्हणजे तुला वाटतं, नवस मोडला तर बजरंग जाईल.

कोंडाजी : व्हय. आन फेडला तर रतन गेली. माजी मती चालंना. म्हून तुज्याकडं आलो. ह्यातलं तुज्याबिगर कुनाला काय कळनार? आजवर तुला इचारलं न्हाई, आज इचारतो. तुजं काय झालं, ते सांग.

शालूबाई : तुझ्या आधीचे दोघं भाऊ पाळण्यातच गेले. तू झालास तेव्हा काळाची नजर लागू नये म्हणून तुझं नाव कोंडा ठेवलं. तेवढ्यानं आईला धीर येईना, म्हणून ती माझा नवस बोलली. तू जगलास, चालायला लागलास, आणि मला जेजुरीला नेलं. हळद लावली, गळ्यात कवड्यांचा गाठा घातला. माझं देवाशी लग्न लागलं. मी मुरळी झाले. मला वाटलं, चार दिवसांनी घरी यायचं. आबा पायऱ्या उतरून गेले, ते मागं वळून बघत नव्हते. तेव्हा कळलं.

कोंडाजी : आबांनी घरात तुजं नाव कंदी काढलं न्हाई. मरताना काढलं.

शालूबाई : काढलं का. बरं झालं सांगितलंस.

कोंडाजी : मग म्होरं?

शालूबाई : वाघ्या-मुरळीच्या मेळ्यात वाढले. गळा चांगला होता. जागरणात गायला उभी राहिले की बाया आपली लेकरं माझ्या पायावर घालायच्या. देवाची म्हणून मान होता. मग मी मोठी झाले, आणि त्याच घरातले पुरुष मला कुणाचीच नाही असं समजायला लागले. पुढचं राहू दे. तू भाऊ आहेस. एवढंच सांगते, मी देवाला दोष देत नाही. माणसांनी केलं, आणि देवाच्या नावावर मांडलं.

कोंडाजी : आन हितं कशी आलीस?

शालूबाई : आजारी पडले. मेळा कोकणात उतरायचा होता, मला चालवेना. इथल्या धर्मशाळेत टाकून गेले ते पुन्हा आले नाहीत. नंदाबाई म्हणून मिशनची बायबलबाई होती, घरोघर जाऊन बायांना शुभवर्तमान सांगायची. तिनं मला पाहिलं. पाठुंगळी घेऊन दवाखान्यात आणलं. बरी झाले तरी जाऊ कुठं? दळण दळायचं, झाडलोट करायची, असं इथंच राहिले.

कोंडाजी : मंजी तवाच सुटलीस.

शालूबाई : कुठली सुटते! गळ्यात गाठा तसाच होता. मिशनच्या मडमसाहेब म्हणायच्या, बाप्तिस्मा घेतेस का? मी दर वेळी नाही म्हणायची. प्रभूचं सगळं ऐकायला आवडायचं, पण नाही म्हणायची. त्यांना वाटे, हिला जुन्या देवाची भीती आहे. मला भीती तुझी होती, कोंडू.

कोंडाजी : माजी?

शालूबाई : तुझा जीव माझ्यावर तोललेला. मी गाठा काढला की तिकडं वडिवळ्यात तू जाशील, असं मनात पक्कं बसलेलं. मला तू आठवायचास तो नुकता चालायला लागलेला. त्याला मारून मी कशी मोकळी होऊ?

कोंडाजी : आक्का...

शालूबाई : ऐक तर. एक दिवस मी हे नंदाबाईला सांगितलं. ती खेडवळच होती, शिकली थोडं. ती जे बोलली ते तसंच्या तसं सांगते. म्हणाली, "शालू, देवानं कुनाचं लेकरू मागितलं न्हाई. आपलं दिलं. आन दिल्यावर म्हनला न्हाई, की आता तुमी काय देता. ह्याला किरपा म्हनत्यात."

कोंडाजी : तुला पटलं लगेच?

शालूबाई : मुळीच नाही. मी विचारलं, मग मी काय करायचं? ती म्हणाली, काही नाही. हे 'काही नाही' मला पचेना. जन्मभर नवसच फेडत आले होते, फुकट काही असतं हे कुठलं कळायला? मी जास्तच राबायला लागले. दुप्पट दळायची, मिशनचं प्रार्थनेचं देऊळ रोज सारवायची. मनात वाटे, अशी फेड होईल. एका दुपारी देवळात झाडत होते, तर नंदाबाईनं हातातली केरसुणी काढून घेतली. म्हणाली, बस.

कोंडाजी : आन?

शालूबाई : बसले. रिकाम्या देवळात, हात मांडीवर ठेवून. करायला काही नाही. आधी नुसती चुळबुळ झाली. मग रडू फुटलं, ते बराच वेळ थांबेना. कुणी काही मागत नव्हतं रे माझ्याकडून. जिला सगळ्यांनी वापरली, तिला प्रभू नुसतं 'ये' म्हणत होता. उठले तेव्हा गाठा मी माझ्या हातानं काढला. नंदाबाईनं काढला नाही, मडमसाहेबांनीही नाही. आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी विचारलं, नवं नाव काय घेणार? बऱ्याच जणी घेत. मी म्हटलं, शालूच. ज्या नावानं वाहिली, त्याच नावानं मोकळी होणार.

कोंडाजी : मी तर जिताच हाय. मंजी तुजी भीती खोटी निघाली.

शालूबाई : इतकं सोपं झालं नाही. त्याच वर्षी मानमोडीचा ताप आला. घराघरातनं माणसं चालली होती. महिपती दवाखान्यात औषधाला आला, त्यानं सांगितलं, कोंडाजी पडलाय, काही खरं नाही. मी निघाले. कार्ल्यापर्यंत चालत गेले, पुढं एक गाडीवान भेटला. दारात आई. तिनं मला किती वर्षांनी पाहिलं, पण पहिली नजर माझ्या गळ्याकडं गेली.

कोंडाजी : मोकळा गळा.

शालूबाई : होय. ती म्हणाली, "गाठा उतरवलास म्हून माजा पोर चालला. जा जेजुरीला, पाया पड, घाल परत." आणि माझे पाय धरले. माझ्या आईनं माझे पाय धरले, कोंडू. आत तू कण्हत होतास, मला ऐकू येत होतं. त्या घडीला वाटलं, घालावा गाठा. एवढ्यानं तो वाचणार असेल तर घालावा.

कोंडाजी : मग?

शालूबाई : ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिले. मनातल्या मनात प्रभूला म्हटलं, तू मला सोडवलंस ते खरं असेल तर आत्ता धरून ठेव. मग आईला उठवलं. तिला म्हटलं, "मी त्याची सेवा करीन. त्याची किंमत होणार नाही." आणि आत गेले. घरातलं सगळं माणूस तापानं पडलेलं, आईच्यानं मला अडवणं झालं नाही.

कोंडाजी : थांब. मला पेज पाजायचं कुनीतरी. कपाळावर वला फडका ठिवायचं. गायचं बी हळू. आई म्हनली, मावशी आलती.

शालूबाई : मीच होते.

कोंडाजी : मंजी तूच मला वाचवलंस.

शालूबाई : असं म्हणू नकोस. तीच पेज मी सोपानकाकांना पाजली. ते गेले. कोण राहणार, कोण जाणार ते माझ्या पेजेत नव्हतं, आईच्या नवसातही नव्हतं. तुझा ताप उतरला त्या दिवशी आई म्हणाली, लोकांनी बघायच्या आत जा. मी परसातून निघाले. तू गेला असतास तर तुझ्यासाठी जन्मभर रडले असते. पण रडले असते ती मोकळी बाईच. तुझ्या मरणानं मी पुन्हा कुणाच्या ताब्यात गेले नसते. हे मला त्या ओट्यावर कळलं, तू वाचणार की नाही हे कळायच्या आधी.

कोंडाजी : आन बजरंगचं काय, आक्का? त्यो ऱ्हाईल ना?

शालूबाई : ते वचन माझ्याकडं नाही. असतं तर दिलं असतं. ताप आला तर त्याला इथं दवाखान्यात आण, मी उशाशी बसेन. पण त्याचा जीव रतनच्या गळ्यात अडकवू नकोस. ती तर जाईलच, पण तोही मोठा होईल, आणि एक दिवस त्याला कळेल आपण कुणाच्या बदल्यात जगलो. ते ओझं केवढं असतं, तुला सांगायला नको.

कोंडाजी : न्हाई सांगाया लागत. भाताची रास पडली की लोक म्हनत्यात, कोंडाजी नशिबाचा. मला वाटतं, ही रास आक्काची. लगीन झालं तवा हळद लावून घेताना बी मला तुजीच हळद दिसली. मी कंदी सुखानं जेवलो न्हाई.

शालूबाई : मग आज जेव. तुला मी कधी धरलं नव्हतं, म्हणून सोडायलाही काही नाही. तू जगलास यात तुझं काय चुकलं? मला तर अभिमान आहे, वडिवळ्यात माझा भाऊ ताठ उभा आहे म्हणून.

कोंडाजी : जरा थांब. डोळं पुसू दे.

शालूबाई : पुस. घाई नाही.

कोंडाजी : रतनला तुज्याकडं ठिवू का? तुज्यासारखी शिकू दे. पर मला किरिस्ताव व्हावं लागंल काय? गावकी वाळीत टाकंल. मालकीन जीव दील.

शालूबाई : मी अशी अट घातली, तर आईच्या नवसात आणि माझ्यात फरक काय उरला? तुला काही द्यायचं नाही. मलाही नाही, माझ्या प्रभूलाही नाही. तिला लिहायला-वाचायला शिकवीन. प्रभूचं सांगेन, कारण माझ्या तोंडी तेच येतं. घ्यायचं की नाही ते ती मोठी झाल्यावर तिचं ती बघेल. एकच गोष्ट मागते.

कोंडाजी : सांग.

शालूबाई : तिला लपवायची नाही. जेजुरीला सोडून आलो असं घरी सांगायचं नाही. आईला खरं कळलं पाहिजे, आणि तिच्या आईलाही. तिची आई चुलीपुढं बसून राहिली म्हणालास, तिला तर आधी.

कोंडाजी : आईम्होरं माजी जीभ उचलायची न्हाई.

शालूबाई : मग मी येते. दुपारच्या गाडीनं तिघं जाऊ. रतनला इथं आणायचं ते तिच्या आईनं निरोप दिल्यावर.

कोंडाजी : तू? वडिवळ्यात? दिवसाढवळ्या?

शालूबाई : मागच्या खेपेला परसातून गेले, आईच्या शब्दाला मान दिला. या खेपेला वेशीतून येईन. आई रागावेल, रडेल. कदाचित दार लावून घेईल. मी ओट्यावर बसेन. म्हातारी झाली आता ती, तिच्याही डोक्यावर तो नवस इतकी वर्षं आहे. तो उतरवता येतो हे तिला कुणीतरी सांगायला हवं ना?

कोंडाजी : लोक जमतील, आक्का. बोलतील बी.

शालूबाई : जमू देत. मुरळी होते तेव्हाही मला बघायला गाव जमायचं, आणि मी खाली मान घालून असायची. आता घालत नाही. देवाच्या घरची मी लेक आहे, वाहिलेली वस्तू नाही. हे त्यांनी बघावंच.

कोंडाजी : तुजं बोलनं ऐकून माजी बी मान वर झाली बघ.

शालूबाई : मग तशीच राहू दे. चल, आधी जेवून घे. रतनला हाक मार.

कोंडाजी : रतन! ए पोरी, हितं ये. ही तुजी आत्या. पाया पड.

शालूबाई : पाया नको. ये, माझ्याजवळ बस. आपण घरी जायचं आहे, आजीकडं. मी पण येतेय. कोंडू, गाडीत कुणी भेटलं, विचारलं ही बाई कोण, तर काय सांगशील रे?

कोंडाजी : माजी थोरली भन. घरी चाललीया.