नोटा खऱ्या होत्या

जबाब देणारीचे नाव तक्रारीत आलेलेच आहे. पंपावर व गल्लीत 'अक्का' म्हणून ओळखतात. वय ४४ वर्षे. धंदा: पेट्रोल पंपावर इंधन भरणे, नऊ वर्षे. राहणार: पंपामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरची खोली. घरात सासूबाई व एक मुलगी. कमावती मी एकटी.

माझ्याविरुद्ध पंपाच्या मॅनेजरने डिझेलची चोरी व कार्ड मशीनची मोडतोड अशी तक्रार दिली आहे. त्याबाबत विचारल्यावरून मी समोर बसून, कोणाच्या दडपणाशिवाय सांगते ते असे:

माझी पाळी सकाळी सात ते दुपारी तीन. पाळीत चौघे कामाला असतो. त्यांत मी जुनी असल्याने तीन नंबरच्या डिझेल पंपाची किल्ली माझ्या कमरेला असते. हवा भरण्याच्या जागी एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना सगळे हवावाले काका म्हणतात. मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये बसतो. मालक महिन्यातून एकदा येतात.

आठ महिन्यांपूर्वी मालकांनी पंपावरचा गल्ला काढून नेला. त्यांच्या दुसऱ्या पंपावर लूट झाली होती, असे कारण सांगितले. यापुढे पैसे फक्त कार्डाने नाहीतर मोबाइलवरून घ्यायचे, रोख दिसली तर त्याच दिवशी घरी बसायचे, असे आम्हाला ओळीने उभे करून सांगण्यात आले. मी त्यावेळी विचारले होते की, मशीन बंद पडले तर काय करायचे. मॅनेजरने उत्तर दिले की, असे होत नाही. बाकीचे हसले.

मागच्या महिन्यात एका राखाडी गाडीची टाकी मी भरून दिली. मशीनवर पैसे मिळाल्याचे दिसले, पण ते जमा झालेच नाहीत. ती रक्कम माझ्या पगारातून कापली. त्यानंतर माझ्याकडून एका कागदावर सही घेतली. पैसे जमा झाल्याचा संदेश आल्याशिवाय नोझल उचलले तर ती चोरी समजली जाईल, असे त्यात लिहिले होते. तो कागद मॅनेजरने तक्रारीला जोडला आहे. सही माझीच आहे.

मंगळवारी सकाळी अकरा वीसला सगळी मशीन बंद पडली. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचे आणि शेवटी नकार यायचा. आधी आम्हाला वाटले आमचेच बिघडले. मग गिऱ्हाइकांनी सांगितले की, बाजारात, औषधाच्या दुकानात, सगळीकडे हीच गत आहे. बारा वाजेपर्यंत गाड्यांची रांग वळणापर्यंत गेली. ऊन तापले होते. ज्यांच्याजवळ रोख होती ते नोटा दाखवत होते आणि आम्ही नाही म्हणत होतो. टाक्या भरलेल्या, लोकांचे खिसे भरलेले आणि सगळे जागच्या जागी. एक जण मला म्हणाला की, समुद्रात उभे राहून तहानेने मरायचे ते हेच. शिव्याही खाल्ल्या. मॅनेजर केबिनच्या बाहेर आला नाही. तो कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून बसला होता. तिकडून बाईचा आवाज यायचा की, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

एक वाजून अडतीस मिनिटांनी अँब्युलन्स आली. वेळ मी नेमकी सांगते, कारण भावफलकावर मोठ्या लाल आकड्यांत घड्याळ आहे व ते माझ्या तोंडासमोरच असते. रांगेतल्या लोकांनी न सांगता गाड्या बाजूला घेतल्या. ड्रायव्हर खाली उतरला व म्हणाला की, काटा तळाला टेकला आहे, शहरातल्या मोठ्या इस्पितळापर्यंत गाडी जाणार नाही. त्याच्या कंपनीने ड्रायव्हरांना रोख द्यायचे बंद केले आहे, फक्त डिझेलचे कार्ड देतात. तो निघाला तिथल्या पंपावरही ते चालले नव्हते. मी त्याचे कार्ड चार वेळा लावले. चारही वेळा नकार आला.

गाडीत एक सुतार होता, पन्नाशीचा. सकाळी दहा वाजता कामावर असताना त्याच्या हातातून रंधा गळून पडला व तोंड वाकडे झाले. गावातल्या डॉक्टरांनी पक्षाघाताचा झटका ओळखला, पण त्यांच्याकडे डोक्याची तपासणी करायचे यंत्र नव्हते. एक इंजेक्शन आहे, ते अडीचच्या आत मिळायला हवे आणि त्याआधी तपासणी व्हायला हवी, असे सांगून त्यांनी पुढे पाठवले होते. हे सगळे मला ड्रायव्हरने तेव्हाच सांगितले. म्हणजे मला माहीत नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

मी केबिनकडे गेले. मॅनेजरने काचेतली छोटी खिडकी उघडली. मी सांगितले की, माणूस अत्यवस्थ आहे, वीस लिटर देऊ, मशीन चालू झाल्यावर पैसे घेऊ. त्याने विचारले, संदेश आला का. मी नाही म्हणाले. त्याने खिडकी लावली.

मी परत आले. त्यावेळी सुताराची बायको खाली उतरली होती. तिने रुमालाची गाठ सोडली आणि नोटा माझ्यासमोर धरल्या. मी मान हलवली. तिला वाटले, मला नोटांचा संशय आहे. ती म्हणाली,

"ताई, या नोटा खऱ्या आहेत. उजेडात धरून बघा हवं तर."

मी म्हणाले, "खऱ्या आहेत हो. पण चालत नाहीत."

हे मी बोलले. माझ्या तोंडचे शब्द आहेत, ते तसेच लिहावेत.

रांगेतल्या एका ट्रकवाल्याने स्वतःच्या टाकीतून नळीने डिझेल काढून द्यायची तयारी दाखवली. मॅनेजरने भोंग्यावरून सांगितले की, पंपाच्या आवारात तसे करता येणार नाही, आगीचा धोका आहे. तेवढ्यासाठी भोंगा चालू झाला. ड्रायव्हरने दुसरी गाडी मागवण्यासाठी त्याच्या ऑफिसला फोन केला. पन्नास मिनिटे लागतील असे त्याला सांगण्यात आले. पुढचा पंप अकरा किलोमीटरवर, आणि तिथेही हेच. मी आणखी दोनदा केबिनकडे गेले. दुसऱ्यांदा मॅनेजरने खिडकी उघडलीच नाही, आतून बोट हलवले.

हवावाले काका माझ्याजवळ येऊन म्हणाले की, अक्का, किल्ली इकडे दे, मी भरतो, मला काढले तरी माझे काय जाते. मी किल्ली दिली नाही. काकांनी मला चिथावले असे तक्रारीत लिहिले आहे, ते खोटे आहे. काकांनी सांगितले तेव्हा मी ऐकले नाही, हा दोष माझा आहे.

अँब्युलन्सचे मागचे दार उन्हामुळे उघडे ठेवले होते. मी नळीजवळ उभी असताना मला आतले दिसत होते. बाईने विनवणी करायचे सोडले होते. ती नवऱ्याच्या कानाशी वाकून त्याला एकच विचारत होती, "माझं नाव सांगा बरं." तो काहीतरी बोलायचा, ते नाव नसायचे. ती पुन्हा विचारायची. त्याचा डावा हात तिच्या बांगड्यांवरून फिरत होता. उजवा बाजूला पडून होता, दुसऱ्या कोणाचा ठेवल्यासारखा.

मला त्यावेळी काय वाटले असे विचारण्यात आले. त्याचे उत्तर मी देणार नाही.

एक छप्पन्नला मी किल्ली लावली. वीस लिटर डिझेल भरले. कोणाची परवानगी घेतली नाही, कोणी मला सांगितलेही नाही. मॅनेजर तेव्हा मात्र धावत बाहेर आला. त्याने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. बरोबर दोन वाजता गाडी निघाली.

दोन वाजून सहा मिनिटांनी मशीन चालू झाली. रांगेतले लोक हॉर्न वाजवू लागले. मॅनेजर मशीन घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला,

"त्या ड्रायव्हरला फोन लाव आणि कार्डाचा नंबर विचार. आत्ताच्या आत्ता."

मी म्हणाले, तो गाडी चालवतो आहे, मागे पेशंट आहे. तो म्हणाला, मग बाजूला घ्यायला सांग.

यावर मी ते मशीन त्याच्या हातातून घेऊन जमिनीवर आपटले. पडद्याला तडा गेला. मी उचलून पुन्हा आपटले. ते माझ्या हातातून निसटले असे काकांनी आपल्या जबाबात सांगितल्याचे मला समजले. काका माझ्या भल्यासाठी बोलले, पण ते खरे नाही. मशीन मीच फोडले. त्याची किंमत माझ्या पगारातून कापावी. कापायची सवय त्यांना आहेच.

मॅनेजरने मला तिथल्या तिथे घरी जायला सांगितले. पण पाळीचा हिशेब बघेपर्यंत रोज हजेरी लावून बाकावर बसायचे, असेही सांगितले. त्याप्रमाणे बुधवारी व गुरुवारी मी बाकावर बसून होते.

शुक्रवारी दुपारी सुताराची बायको पंपावर आली. दोन बस बदलून आली होती. तिने आधी मला शोधले. ती म्हणाली, "तुम्ही दिलंत म्हणून पोचलो तरी." माणूस वाचला आहे. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. इस्पितळात ते दोन सतराला पोचले. धावतपळत तपासणी झाली, ती संपली तेव्हा दोन वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली होती. डॉक्टरांनी तिला सांगितले की, इंजेक्शनची वेळ नऊ मिनिटांनी टळली, आता ते देण्यात धोका आहे.

ती माझ्याशी हिशेब करायला आली नव्हती. ती आभार मानायला आणि डिझेलचे पैसे द्यायला आली होती. नऊ मिनिटांचा हिशेब मी केला.

मी तिला केबिनपाशी नेले. तिने खिडकीतून नोटा आत सरकवल्या. मॅनेजरने त्या पट्टीने बाहेर ढकलल्या आणि सांगितले की, रोख घेत नाही, कार्ड असेल तर द्या. तिच्याकडे कार्ड नाही. मोबाइल आहे तो बटणांचा आहे. मग घरातल्या कोणाला तरी पाठवा, असे तो म्हणाला. घरातला बाहेरची कामे बघणारा माणूस तिचा नवराच होता. ती नोटा गोळा करून निघाली. बसस्टॉपपर्यंत मी तिच्याबरोबर गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता मॅनेजरने या ठाण्यात तक्रार दिली. वीस लिटर डिझेलचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत, असे त्यात लिहिले आहे. पैसे चालत आले होते आणि त्याने ते पट्टीने लोटले. याला साक्षीदार मी आहे व काका आहेत. त्याला तक्रार लिहायला कागद मिळाला, शिक्का मिळाला, गाडी करून इथे यायला वेळ मिळाला. मंगळवारी पेशंटला बघायला त्याला केबिनचे दार उघडून बावीस पावले चालायला जमले नाही. मी ती पावले मोजलेली आहेत, नऊ वर्षे तिथेच झाडते आहे.

मॅनेजरने पुरावा म्हणून कॅमेऱ्याचे जे चित्रीकरण दिले आहे ते मला दाखवण्यात आले. ते मी किल्ली लावते तिथून सुरू होते व मशीन फुटते तिथे संपते. अँब्युलन्स येताना त्यात दिसत नाही. ती बाई नोटा धरून उभी आहे, ते दिसत नाही. एक अडतीसपासूनचे सगळे चित्रीकरण मागवावे, अशी माझी मागणी आहे. कॅमेरा चालू होता. तो कधी बंद पडत नाही.

चोरीचा आरोप मला मान्य नाही. मशीनचा मान्य आहे. त्याखेरीज मला असे सांगायचे आहे की, गाडी आल्यापासून निघेपर्यंत बावीस मिनिटे गेली. डिझेल मी त्यांतली अठरा मिनिटे दिले नाही, किल्ली कमरेला लावून नुसती उभी होते. मॅनेजर काचेआड होता, मालक परगावी होते, कंपनीचा फोन थांबा म्हणत होता. किल्ली त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती, माझ्याकडे होती. मला पगाराची भीती वाटली. अठरा मिनिटे वाटली. यासाठी कोणते कलम लागते असे मी विचारले. हवालदार साहेबांनी सांगितले की, असे कलम नाही आणि हे जबाबात घ्यायची गरज नाही. मी म्हणाले की, मग मी सही करणार नाही. त्यामुळे हे घेण्यात आले.

लिहिलेला जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'डिझेल देण्यास काहीसा विलंब झाला' असे शब्द आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे 'अठरा मिनिटे दिले नाही' असे लिहिले आहे व खोडलेल्या जागी मी वेगळी सही केली आहे. आता तो मी बोलले तसाच आहे.