वीस बाइटांचा बॅकअप

जबाब देणार: पाणीखात्यात 'तारमास्तर' म्हणून ओळखला जाणारा इसम. वय ५३. धंदा: नोकरी, संगणक देखभाल. शिक्षण: दहावी, पुढचे स्वतःचे स्वतः. राहणार: जुन्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, जमादारांनी विचारल्यावरून सांगतो की, पाणीखात्यातील पुढील वस्तू मी माझ्या हाताने केलेल्या आहेत. सर्व्हर ठेवायची लोखंडी मांडणी, भंगारातल्या पाइपांची, वेल्डिंगसकट. तिच्या पंख्यापुढची धूळ अडवणारी जाळी. ती आमच्या घरच्या चाळणीची आहे आणि पत्नीने मला त्याबद्दल अजून माफ केलेले नाही. वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणारी बॅटरीची पेटी. खात्याचा विकी. आणि त्या विकीच्या डेटाबेसची रोज प्रत काढून, ती दाबून लहान करून, दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर नेऊन ठेवणारी स्क्रिप्ट. स्क्रिप्टच्या ओळी चौसष्ट, त्यातल्या अकरा फक्त चुका पकडायला. तक्रारीत माझा उल्लेख 'संगणक मदतनीस' असा आहे. तो दुरुस्त करावा.

जमादार म्हणाले, "तारमास्तर, जबाब द्यायचाय, आत्मचरित्र नाही." मी मुद्द्यावरच आहे. माझ्यावर आरोप चोरीचा आहे, तेव्हा माल कोणी केला हे आधी यायला हवे.

विकी म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगतो की, विकी म्हणजे अशी वेबसाइट, जिचे पान वाचणारा स्वतः दुरुस्तही करू शकतो, आणि कोणी काय बदलले ते त्याच्या नावासकट कायम मागे राहते. त्याला आम्ही पानाचा इतिहास म्हणतो. जमादार म्हणाले, "म्हणजे आमच्या स्टेशन डायरीच्या बरोबर उलट." हे वाक्य घेऊ नये असे त्यांचे म्हणणे पडले. मी आग्रह धरला.

आमच्या विकीत शहरातल्या पाण्याच्या पाइपांची माहिती आहे. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या रस्त्याखाली, झाकण कुठे, उजवीकडे फिरवल्यावर बंद होतो की डावीकडे. ही माहिती नकाशावर नाही. नकाशा काढणारे व्हॉल्व्हपर्यंत कधी गेलेले नाहीत. पाने फिटर लोकांनी लिहिली. निम्म्याहून जास्त एकाच फिटरने लिहिली, तो माझा थोरला भाऊ. एका पानावर त्याने लिहिले आहे, "झाकणावर कुत्री बसते. हाकलू नये, बिस्किट न्यावे." पुढे दुसऱ्या तारखेला, "पिल्ले झाली आहेत. दोन बिस्किटे." तो आता नाही. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, जमादारांनी 'फिटर कुठे मिळेल' असे विचारले म्हणून सांगितले.

दर शनिवारी एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन मी घरी नेत असे. सर्व्हर आणि त्याच्या बॅकअपचे मशीन एकाच तळघरात आहेत, आणि ते तळघर पाणीखात्याचे आहे. तिथे पाणी शिरते. जुन्या साहेबांनी मला हे तोंडी सांगितले होते. ते म्हणाले होते, "घरी ने रे बाबा, इथे काही टिकत नाही." लेखी मागितले असते तर बरे झाले असते, असे आता सगळेच मला सांगतात. घरी ती डिस्क कपाटात हिवाळी कपड्यांत गुंडाळून असते. पत्नी म्हणते, "एवढं कधी मला नाही जपलंत." प्रत आणली की ती घरच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून मी पाने उघडून पाहतो. उघडून पाहिलेली नाही तो बॅकअप नव्हे, ती नुसती फाइल.

नवे साहेब गेल्या वर्षी आले. खात्यात त्यांना 'डिजिटल साहेब' म्हणतात, तोंडावरही म्हणतात, त्यांना आवडते. त्यांच्याबरोबर एक सल्लागार आला. पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले की बॅकअप फार जागा खातो, कॉम्प्रेशन वाढवा. मी सांगितले की वाढवायचे तेवढे वाढवलेले आहे, ओला टॉवेल एका हद्दीनंतर कितीही पिळला तरी पाणी निघत नाही. त्यावर माझी नेमणूक हजेरीच्या मशीनवर झाली. लोकांचे अंगठे उमटत नाहीत तेव्हा ते पुसायला सांगणे, हे माझे काम.

सल्लागाराने सुरक्षेसाठी डेटाबेसचा पासवर्ड बदलला. स्क्रिप्टला नवा पासवर्ड दिला नाही. तेव्हापासून स्क्रिप्ट दारापर्यंत जायची, आत कोणी घेत नसे, ती रिकाम्या हाती परत यायची आणि तो रिकामा हात नीट दाबून, आवळून, तारीख टाकून ठेवायची. माझ्या अकरा ओळींमुळे साहेबांच्या मोबाइलवर रोज सकाळी 'बॅकअप रिकामा आहे' असा निरोप जाऊ लागला. साहेबांना त्याचा त्रास झाला. सल्लागाराने त्या अकरा ओळी काढून टाकल्या. निरोप बंद झाले. बॅकअप रिकामाच राहिला.

आधीची फाइल चार जीबीच्या आसपास असे. आता ती वीस बाइटांची झाली. काहीच नसलेले दाबले की वीस बाइट होतात. ते नुसते पाकीट असते, आत चिठ्ठी नसते. साहेबांनी त्याचा आलेख काढला. वार्षिक सभेत त्यांनी तो पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या आणि 'जागेची सर्वाधिक बचत' म्हणून त्यांना ढाल मिळाली. पडदा मी लावला होता.

सभेनंतर मी साहेबांना सांगितले, "साहेब, वीस बाइटांत मराठीतली जेमतेम सहा चिन्हं मावतात. 'पाणीपुरवठा' एवढा शब्दही बसत नाही. शहर कुठून बसणार?"

साहेब म्हणाले, "तुमचं ज्ञान जुनं झालंय, तारमास्तर. तंत्रज्ञान पुढे गेलंय."

मी म्हटले, "पुढे गेलंय खरं, पण सामान मागे विसरून गेलंय." ही मी साहेबांना केलेली शिवीगाळ, जिचा तक्रारीत उल्लेख आहे.

जुन्या फाइली आठवड्याने आपोआप पुसल्या जातात. त्यामुळे सभेच्या आधीच चांगला एकही बॅकअप तळघरात उरला नव्हता. रिकाम्या फाइली मी घरी नेल्या नाहीत, माझ्या डिस्कवर पासवर्ड बदलण्याआधीच्या शनिवारची प्रत तशीच ठेवली.

गेल्या मंगळवारी तळघरात पाणी शिरून सर्व्हर बंद पडला. त्याच दुपारी इस्पितळाच्या कोपऱ्यावर मोठी पाइप फुटली. फिटरांनी व्हॉल्व्ह शोधायला विकी उघडला, तो उघडला नाही. साहेबांनी बॅकअप उतरवायला सांगितला. सल्लागाराने फाइल उघडली, काही निघाले नाही. साहेब म्हणाले, "नीट उघडली नसेल, परत उघड." ती पाच वेळा उघडण्यात आली. तोवर इस्पितळाच्या तळमजल्यावरचे रुग्ण वरच्या मजल्यावर हलवायला सुरुवात झाली होती.

फिटरांच्या मुकादम बाईंनी मला फोन केला. त्या म्हणाल्या, "मास्तर, अंगठे पुसणं सोडा आणि या. इथे आम्ही सातवं झाकण उचललंय, सहांत नुसती माती." मी घरी गेलो, डिस्क काढली, लॅपटॉप घेऊन कोपऱ्यावर गेलो. गुडघाभर पाण्यात बाईंनी लॅपटॉप डोक्यावर धरला आणि मी पान उघडले. पानावर लिहिले होते, "झाकण रस्त्यावर नाही. फुलवाल्याच्या टपरीच्या आत, बाकाखाली. हा उलटा फिरतो. अडला तर जोर लावू नका, थोडं मागे घ्या, मग पुढे." बाईंनी ते मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "दादाच बोलतोय." मग त्या टपरीत गेल्या. पाणी बंद झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली की मी खात्याचा डेटा चोरून घरी ठेवला, आणि चोरी उघड होऊ नये म्हणून मूळ डेटा नष्ट केला. पुरावा म्हणून माझ्याकडे प्रत सापडली हे दाखवले आहे. साहेबांकडे सापडली नाही, म्हणून ते निर्दोष आहेत.

पोलिसांनी हार्ड डिस्क आणि लॅपटॉप ताब्यात घेतला. पंचनाम्यात 'काळी डबी एक, आत काय आहे ते समजले नाही' असे लिहिले आहे. या दोन्हींखेरीज या विकीची प्रत कुठेही नाही. सील लावण्याआधी डिस्कची एक प्रत काढू द्यावी अशी मी विनंती केली. जमादार म्हणाले, "अहो, प्रत काढली म्हणून तर आत आलात. पुन्हा काढलीत तर दुसरा गुन्हा." सध्या शहरातल्या सगळ्या व्हॉल्व्हची माहिती ठाण्याच्या कपाटात, तडा गेलेल्या हेल्मेटशेजारी आहे. कपाट दमट आहे. हे मी हात लावून पाहिले.

मी मूळ डेटा नष्ट केलेला नाही. मी कोणाला प्रत विकलेली नाही. मी प्रत घरी नेली हे खरे आहे, आणि डिस्क परत मिळाल्यास येत्या शनिवारीही नेईन.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. शुद्धलेखनाच्या सात चुका मी माझ्या हाताने दुरुस्त केल्या. एक बाब राहिली होती. ती घेण्याची गरज नाही असे जमादारांचे मत होते, ती सहीआधी वाढवून घेत आहे.

आज जबाबासाठी बाहेरच्या बाकावर बसलो असता डिजिटल साहेब शेजारी येऊन बसले. त्यांनी मला चहा मागवला. म्हणाले, "तारमास्तर, आपण घरचीच माणसं. तक्रार मी आत्ता मागे घेतो, डिस्क संध्याकाळी तुमच्या हातात. एवढंच लिहून द्या की प्रत माझ्या आदेशावरून, माझ्या नव्या पद्धतीने घेतली होती."

मी विचारले, "आणि?"

"आणि तो इतिहास काढून टाका. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाला हवं? माणसं येतात, जातात. प्रत्येक पानाखाली फक्त खात्याचं नाव ठेवू. फाइलही लहान होईल."

मी त्यांना सांगितले की फाइल फारशी लहान होणार नाही. एका पानाच्या शंभर आवृत्त्या एकमेकींसारख्याच असतात, त्यामुळे दाबल्यावर इतिहास फार थोडी जागा घेतो. माझ्या भावाचे नाव तर जवळजवळ काहीच जागा घेत नाही.

साहेब म्हणाले, "मग सल्ला दिला म्हणून तुम्हालाही काही मिळेल. सल्लागाराच्या बिलात बसवू."

मी नाही म्हणालो. त्यामुळे डिस्क कोर्टाचा हुकूम होईपर्यंत त्याच कपाटात राहील, हे जमादारांनी मला समजावून सांगितले आहे व मला ते समजले आहे. चहा मी प्यायलो नाही. साहेबांनी देऊ केलेली रक्कम साडेचार लाख होती.