ज्यू पोरीसाठी बोललेला नवस

बायांनो, त्या ज्यू पोरीच्या आठवणींचं पुस्तक तुम्ही वाचाच. रडवतं म्हणून सोडू नका. नाझी शिपाई तिला न्यायला दारात आले, तिथं माझा धीर सुटला. पुस्तक मिटलं आणि जोतिबाला नवस बोलले, "पोरगी जगू दे, गुलाल-खोबरं उधळीन."

सकाळी शेजारच्या सुनंदाला गाठलं. पुस्तक तिनंच दिलेलं.

"खरं सांग, पोरगी जगती का?"

"अवो काकी, म्हातारी झाल्यावर तिनंच लिहिलंय की हे."

माझा जीव भांड्यात पडला. लगेच पायात चप्पल सरकवली.

"आता कुठं निघालासा?"

"जोतिबाच्या डोंगरावर. पोरगी जगली न्हवं? मग नवस फेडायला नको व्हय?"