दोन्ही टोकांले नऊ

नाई सर, सही नाई करत मी. ‘ऑपरेटर आदेशच्या निष्काळजीपणामुळे लाइन दोन तास बंद’ — हे तुमी नागपूरहूनच टाइप करून आणलं, अन् आता विचारता, काय झालं होतं? बसा. तुमी इंजिनिअर आहात, तुमाले कळेलच, पण तुमच्या साहेबांसाठी सोप्या भाषेत सांगतो. आपली इंटरनेटची लाइन इथून, हिंगणघाटहून, जाम गावाले जाते. इथं एक स्विच, म्हणजे लाइन जोडायचा डबा, तिथं एक. दोघं दर सेकंदाले एकमेकांले हाक मारतात — मी आहे, मी आहे. अन् हाकेसोबत आपला नंबर सांगतात. तीन हाका चुकल्या की इथं घंटी वाजते. अट एकच, दोघांचे नंबर वेगळे पाहिजे. मी इथं एक टाकला होता, तिकडं दोन. आठ महिने मस्त चाललं. दोनदा घंटी वाजली, दोनदा मी अर्ध्या तासात केबल जोडून आलतो.

मग दसरा आला. आमचे मालक, बापूजी — त्यांच्या गाड्यांच्या नंबरची बेरीज नऊ, मोबाइलची नऊ, पोरीच्या लग्नाची तारीखही नऊच. पूजेत स्विचले कुंकू लावता लावता विचारते, याचा नंबर काय? म्हटलं एक. नऊ कर. अन् तिकडचा? दोन. तोही नऊ कर. मी म्हटलं, बापूजी, सारखे चालत नाई, तिकडं अठरा टाकतो, एक अन् आठ नऊच होते ना. तर साऱ्या स्टाफसमोर म्हणते, “कॉलेजातून पळालेल्या पोट्ट्यानं मले बेरीज नाई शिकवायची.” सारे हसले. मी पळालो? याच बुढ्यानं माझ्या घरी येऊन, चहा पिऊन सांगितलं होतं, डिप्लोमा घेऊन काय करतं, माझ्याकडं ये, हातात काम राहीन. तेव्हा शहाणा होतो मी, आता पळालेला. टाकले मग. दोन्ही टोकांले नऊ.

आता इथला नऊ म्हणते, नऊ तर मी आहे, हा तिकडून कोण बोलून राह्यला? लाइन चालूच, पण घंटी. प्रसाद वाटून राह्यले, घंटी. जेवून राह्यले, घंटी. बापूजी म्हणे, बंद कर ते कटकट. झाली बंद. — कोणी केली म्हणजे? मीच केली. तोंड त्यांचं, हात माझे.

पाच दिवसांनी, दुपारी बाराले, जामजवळ जेसीबीनं केबल तोडली. इथं काहीच वाजलं नाई. अन् तिथल्या दवाखान्यात कौशल्याबाई आली होती, चौकात भाजी विकते ते, छातीत दुखते म्हणून. तिथून छातीचा ग्राफ नागपूरच्या डॉक्टरले जाते, आपल्याच लाइननं. कंपाउंडर बिचारा बटन दाबत बसला, आता जाईन, मग जाईन. आमाले फोन करायचं सुचलं तोवर दीड वाजला, मी केबल जोडली तेव्हा दोन. आता ते बाई सेवाग्रामले भरती आहे, नळ्या लावून.

काय? नंबर बदलायले किती वेळ लागतो? दोन मिनिटं. — हो, बदलता आला असता. बापूजीले काय समजत होतं, ते त्या स्क्रीनकडं कधी पाहतही नाई. पाच दिवस मी रोज त्याच स्क्रीनसमोर बसत होतो. दोनदा तर उघडलंही, नऊच्या जागी अठरा टाइपही केला. अन् पुसला. काऊन म्हणजे? म्हटलं, एकदा तुटू दे. एकदा तुटली की साऱ्या स्टाफसमोर दाखवतो तुमचे नऊ. मले वाटलं कोणाची सिरियल अडकेल, कोणाचा क्रिकेट. मले काय माहीत, कौशल्याबाई —

हे लिहून काऊन राह्यले तुमी?

लिहा. तिची सून रोशनी काल सेवाग्रामच्या दवाखान्यात भेटली. म्हणे, भाऊ, तुमी लाइन पटकन जोडली म्हणून ग्राफ तरी गेला. हात जोडले तिनं मले. मले. अन् मी काय केलं, बापूजीचं नाव सांगून आलो. सारं त्यांच्यावर टाकून आलो, अन् तिनं विश्वासही ठेवला.

तो ‘निष्काळजीपणा’ शब्द खोडा. निष्काळजी नव्हतो मी. बापूजीचं नाव लिहा, त्याले सुट्टी नाई. पण माझं त्याच्या नावाच्या वर लिहा. द्या पेन, करतो सही. — झालं? मग जा आता, सर. मले सेवाग्रामची बस पकडायची आहे.