डिकीला भोक पाडायचं नाही

नाही, नाही, ते ड्रिल खाली ठेव आधी — खाली ठेव म्हणतो ना — भोक पाडायचं नाही. डिकीला भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. कॅमेरा बसवायचाय ना, बसव, चिकटव, टांग, सुतळीने बांध, मला काही देणंघेणं नाही, पण या पत्र्याला आजवर टाचणीएवढं भोक पडलेलं नाहीये आणि ते तुझ्या हातून तर मुळीच पडणार नाही. जुनी आहे म्हणून काय झालं? गंज दाखव कुठे. दाखव, दाखव, हात फिरवून बघ. नाही ना? मग. आणि मघापासून जे लावलंयस ना, बेल वाजवली, बेल वाजवली, ते पुरे आता. वाजवली असतीस तर दार उघडलं नसतं मी? दाराला लागूनच खुर्ची टाकून बसलो होतो, तुझीच वाट बघत — वाट कसली, कधी एकदा येतोस आणि कधी एकदा जातोस ते बघत. बेल बिघडलीय. मागे एक वायरमन येऊन गेला, तो म्हणाला ठणठणीत आहे. तोही तुझ्यासारखाच उंटावरचा शहाणा. दारावर थापा मारल्यास तेव्हा उठलो की नाही लगेच? उठलो ना? संपलं.

काय? तोंड इकडे करून बोल. डिकीत डोकं घालून काय पुटपुटतोयस? माणसाकडे पाठ करून बोलायची ही कुठली रीत? हां, आता कसं. नंबर प्लेटच्या स्क्रूवर बसेल? अरे मग मघाशीच का नाही सुचलं हे? हातात ड्रिल आलं की तुम्हाला सगळीकडे भोकंच दिसतात. बसव तिथे. पण प्लेट वाकडी झाली तर मी सरळ करून घेईन, तासभर लागो नाहीतर दिवस. तुझा आवाज बरा आहे पण, घुमतो. हल्ली लोक बोलतच नाहीत नीट. टीव्हीवरच्या बायका तर नुसत्या ओठ हलवतात. आमच्या घरात पण तेच — बायकोच्या तोंडाला काय झालंय कोण जाणे, सगळं तोंडातल्या तोंडात. मी म्हणतो, अगं खणखणीत बोल की. तर म्हणते, खणखणीतच बोलतेय. मग चिडते. मग मी चिडतो. मग चहा गार होतो.

ही गल्ली बघितलीस ना? आलास त्याच गल्लीतून — गाडी वळते का इथे? सायकल वळत नाही. म्हणून उलटी घ्यावी लागते, थेट कोपऱ्यापर्यंत, आणि मी ती इतकी वर्षं घेतलीय, आरसा न बघता. हसू नकोस. आरसा न बघता म्हणजे न बघता. बाजूचे दोन्ही आरसे मिटलेले, कारण उघडले तर भिंतीला घासतात. आणि मधला — तो बघ, कसा तिरका आहे — तो पोरं लहान असताना वळवला होता, मागच्या सीटवर मारामाऱ्या करायची म्हणून. पोरं गेली आपापल्या संसाराला, आरसा तसाच. त्यात मला मागची रिकामी सीट दिसते फक्त. हात लावू नकोस त्याला! तुला कॅमेऱ्याचं काम दिलंय, आरशाचं नाही. तर आमची पद्धत अशी — ती उतरायची, मागे जाऊन उभी राहायची आणि आवाज द्यायची. येऊ दे, येऊ दे. जरा डावीकडे. येऊ दे. थांब. मी तिच्या आवाजावर गाडी घ्यायचो, आणि ती आपली मागे मागे चालत, पदर खोचून, कोपऱ्यापर्यंत. पावसात छत्री घेऊन. कोपऱ्यावर आलो की डिकीवर एक चापट मारायची आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसायची. कुठे काय खरचटलं गाडीला? विचार गल्लीत कोणालाही. आता म्हणे कॅमेरा. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत.

तो? तो पोचा — तो काही नाही. त्या मागच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्याला जरासा टेकला बंपर. जरासा. मग तुला एवढा कशाला दिसतोय? दिसू दे. ती थांब म्हणालीच नाही, मी काय करणार? येऊ दे म्हणाली असणार, मी येऊ दिलं. आणि सरकायचं ना बाजूला माणसाने? गाडी दिसतेय, येतेय, मागे कट्टा आहे — पण नाही. पाय मुरगळला तिचा. मुरगळला म्हणजे — डॉक्टर म्हणाला हाडाला केसाएवढी चीर आहे. केसाएवढी! त्याला कोणी फ्रॅक्चर म्हणतं का? यांनी लगेच प्लॅस्टर घातलं, गुडघ्यापर्यंत, नखं तेवढी बाहेर. डॉक्टरने विचारलं, कशाने झालं. मी म्हटलं, पायरीवरून पाय घसरला. ती शेजारीच होती, ती पण हो म्हणाली. लेकीला फोनवर तेच सांगितलं. आता आपलेच दात, आपलेच ओठ, गावभर काय सांगत बसायचं? तुला तरी मी हे कशाला सांगतोय? तू तुझी वायर ओढ.

हळू! हळू, ते गालिच्याखालून घे, नखाने नको उचलूस, फाटेल. हां. तिकडून आत जाऊ दे.

आणि हे तुझ्या दुकानात कोणी सांगितलं, मी? मी नाही. हिने फोन केला. पलंगावर पाय वर करून बसल्या बसल्या, मला न विचारता. मी म्हटलं, बसवायचंच असेल काही तर तो पीं पीं करणारा बसव — टकलूच्या गाडीला आहे तसला — टकलू म्हणजे हा शेजारचा, याच भिंतीपलीकडचा. मागे काही आलं की वाजतो. चांगला आहे, सुटसुटीत, काचेत बघत बसायला नको. तर ही तुमच्या माणसाला फोनवर काय सांगते माहितीये? आवाजाचं काही नको, दिसणारं द्या. परत परत तेच, दिसणारं द्या, वाजणारं नको. आणि हे मात्र मला ऐकू येईल असं, खणखणीत, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, का गं, आवाजाने काय घोडं मारलंय? तर नुसती बघत राहिली माझ्याकडे. मला त्या बघण्याचा राग येतो. म्हातारं झाल्यासारखं बघते. मी म्हातारा नाहीये. मघाशी तू आजोबा म्हणालास ते मी सोडून दिलं, पुन्हा म्हणू नकोस.

काय विचारलंस? — भांडलो का? त्यावरून? भांडलो तर. का नाही भांडणार? त्याच दिवशी, दवाखान्यातून आल्या आल्या. मी म्हटलं, तू थांब म्हणालीच नाहीस. ती म्हणाली, म्हणाले. मी म्हटलं, नाही म्हणालीस. आता तुला सांगतो, या बाईने लग्न झाल्यापासून कधी माघार घेतलेली नाही. मिठाच्या बरणीवरून दोन दोन दिवस वाद घातलेत आम्ही आणि दर वेळी मीच हरलोय. तिला वाद घालायला आवडतं, मला पण आवडतं, खरं सांगायचं तर. आणि त्या दिवशी — पाय ठणकत होता, डोळ्यांत पाणी होतं — मी म्हटलं, शपथेवर सांग, म्हणालीस थांब? तर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, नसेन म्हणाले बाई, राहिलं असेल. बस. एवढंच. मी जिंकलो. जिंकलो ना? मग मला इतका संताप का यावा? तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये. तिने भांडायला हवं होतं. ती गप्प का बसली, सांग ना तू, तू मोठा शहाणा आहेस.

तुझं लग्न झालंय? नाही, सांगू नकोस, मला काय करायचंय.

आणि वर अट घातली. कॅमेरा बसल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही. साधं, शांतपणे. मला वाटलं, बोलते तसं, दोन दिवसांत विसरेल. तर परवा दवाखान्यात जायचं होतं प्लॅस्टर दाखवायला. मी गाडी पुसली, किल्ली घेतली, तिच्या बाजूचं दार उघडून उभा राहिलो. आणि ही कुबडी टेकत टेकत माझ्यासमोरून गेली आणि टकलूच्या गाडीत जाऊन बसली. टकलूच्या! जो गाडीला महिनोन् महिने पाणी दाखवत नाही! आणि तो मला म्हणतो, तुम्ही पण बसा ना मागे. मागे! माझ्या बायकोशेजारी तो आणि मी मागे! मी गेलोच नाही. इथेच उभा राहिलो, दार उघडं टाकून. परत आली तेव्हा अजून उघडंच होतं. तिने येता येता बंद केलं, हळूच, आणि आत गेली. त्यानंतर मीच म्हटलं, ये म्हणावं तुझ्या त्या कॅमेरावाल्याला. म्हणून तू आज इथे आहेस, नाहीतर फाटकाच्या आत घेतला नसता तुला.

तसा कोणी बोट दाखवेल असं काही नाहीये माझ्यात. साखर नाही, गुडघे शाबूत, डोळे बघ — पलीकडच्या गच्चीवरचे वाळत घातलेले रुमाल मोजून दाखवतो. लेक तेवढी आगाऊ. कानाच्या डॉक्टरचा नंबर पाठवलाय. मला! का, तर म्हणे फोनवर भलतीच उत्तरं देता. अगं, तू चिमणीसारखी बोलतेस, मी काय उत्तर देणार? आयुष्यभर पत्रा ठोकायच्या कारखान्यात काढलं मी, प्रेसच्या बाजूला उभं राहून. तिथे दणदणाटात माणूस ओळखायचो बुटांच्या आवाजावरून. मला कान शिकवते.

झालं? एवढ्यात? आणि हा पाटीएवढा पडदा इथे, डॅशबोर्डच्या बरोबर मध्ये? सरकव जरा. अजून. समोरचं झाकू नकोस, पुढेपण जावं लागतं माणसाला कधीमधी. हं. राहू दे.

काय करू? मी बसू? तू बस की, तुझं यंत्र आहे. गिअर कोण टाकतो — बरं, बरं, बसतो. सरक. किल्ली फिरवली. इंजिन नको? नुसती किल्ली. हा टाकला रिव्हर्स. काही येत नाहीये. वाटलंच होतं मला — आला. आला वाटतं. बरं आहे. स्वच्छ आहे तसा. कट्टा दिसतोय, नळ गळतोय तोही दिसतोय, या हिरव्या रेघा कशाला? गाडी कुठवर जाईल त्या? आणि लाल म्हणजे जवळ. कळलं, कळलं, मी काही बालवाडीत नाहीये. अरे, ही कुठून आली? कोणी बोलावलं हिला बाहेर? कुबडी घेऊन, एवढ्या उन्हात — बघ, बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. लाल रेघेवर. किती बारीक दिसते रे. अशीच दिसते का ती? इतकी वर्षं मागे उभी राहायची, मी कधी बघितलंच नाही, मला ती मागे कशी दिसते तेच ठाऊक नाही. हात हलवतेय. काहीतरी बोलतेय बघ. तोंड हलतंय. याचा आवाज वाढव जरा. आवाजाचं बटण कुठंय? नसतो? नुसतं चित्र. हां, बरोबर, कॅमेऱ्याला आवाज कसा असेल. नुसतं चित्र.

पण काच खाली आहे की माझी.

खाली आहे ना? पूर्ण खाली. आणि ती इथे, डिकीला लागून. तुला ऐकू येतंय? इथपर्यंत? खरं सांग. ओरडतेय? नाही, ओरडतेय का, मोठ्याने — मानेच्या शिरा ताणल्यात बघ तिच्या, ओरडत असणार. गप्प बस जरा. गप्प बस म्हणतो ना, मला ऐकू दे.

नाही.

म्हणजे त्या दिवशीसुद्धा अशीच. पाय बंपर आणि कट्ट्यामध्ये सापडेस्तोवर. आणि मी तिला शपथ घालत होतो.

काय म्हणतेय ती?

सांग ना. तिच्याकडे बघून, नीट ऐकून सांग. दिसतेय का मी, असं म्हणतेय? एवढंच? परत परत तेच? नाही, तू उत्तर देऊ नकोस. खबरदार ओरडलास तर. तुझं काम झालं, आवर तुझे पाने-बिने आणि चालू पड. चहा नाही, काही नाही, दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊन पी. मी जातो, तिच्या समोर उभा राहून सांगतो. सर ना बाजूला, दार उघडू दे मला.