लाल मेण

नाताळची सुट्टी संपली होती. गायलो नावाच्या बर्फाळ गावाच्या स्टेशनबाहेर, वसतिशाळेच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते.

“बाबा, स्कीला लाल मेण लावलंस?”

“तीनदा घासलंय, सुन्निवा.”

“अरे, लाल ओल्या बर्फासाठी! आज उणे पंधरा आहे. स्कीला बर्फ चिकटेल, मी जागची हलणार नाही.”

“आई होती तोवर तीच लावायची. मला काय ठाऊक?”

“म्हणूनच मी शाळेत जाणार नाही. तू एकटा काय करशील?”

“मेण खरवडीन.”

“चेष्टा पुरे.”

“चढ बसमध्ये. शनिवारी कडक थंडीचं हिरवं मेण लावून स्की आणून देतो.”

“आणि जेवशील काय?”

“अजून तिघांचंच शिजवतोय. उरेल ते तुला आणीन.”

“उरलेलं नको. तुझंही आण, तिथेच बसून जेवू.”

ती चढली.